बिनकंपनीची सायकल

रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे जावईबापूंच्या आयुष्यातलं एकमेव ठाम तत्त्व. पाणीपट्टीच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे बसून त्यांनी अर्धं आयुष्य लोकांचे अर्ज परत केले होते. एखादा बिचारा जिने चढून, रांगेत उभा राहून, घाम पुसत अर्ज पुढे सरकवायचा आणि जावईबापू चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून म्हणायचे, "हा रकाना रिकामा आहे."

"साहेब, ते मला माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या आणि या."

यात दुष्टपणा अजिबात नव्हता. रिकामा रकाना त्यांना खरोखरच बघवायचा नाही. काही लोकांना उंचीची भीती वाटते, काहींना पालीची, तसंच हे.

त्यामुळे इमारतीच्या सभेत वाहनतळाचा विषय निघाला तेव्हा जावईबापू गप्प बसणं शक्यच नव्हतं. खालच्या वाहनतळात वर्षानुवर्षं मेलेल्या गाड्या पडून होत्या. सेक्रेटरींनी त्यावर उपाय काढला होता. प्रत्येक वाहनाची नोंद संगणकावर करायची, नोंद झाली की स्टिकर द्यायचा, आणि ज्याला स्टिकर नाही ते वाहन भंगारात. जावईबापू उठून उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की संगणकाने एकही रकाना रिकामा घेता कामा नये. 'माहीत नाही', 'अज्ञात' अशी पळवाटही ठेवू नये. "ज्या मालकाला आपल्या वाहनाची कंपनी माहीत नाही," ते हात वर करून म्हणाले, "तो मालक कसला?"

टाळ्या पडल्या. कचेरीत त्यांच्या बोलण्यावर आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या कानात साठवत ते जिना उतरून खाली आले आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात सासऱ्यांची सायकल उभी असलेली त्यांना दिसली.

इथे एक खुलासा केला पाहिजे. जावईबापूंना इमारतीत पूर्वी 'साहेब' म्हणत. घर त्यांच्या नावावर, दारावर पाटी त्यांची, विजेचं बिल त्यांच्या नावाचं. पण मागच्या वर्षी सासरे राहायला आले आणि साऱ्या इमारतीदेखत "जावईबापू, सांभाळून, पायरी ओली आहे" असं ओरडले. त्या दिवसापासून वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना जावईबापू म्हणू लागले. स्वतःच्या घरात माणूस जावई होऊन राहतो, याची दाद कुणाकडे मागायची?

सासरे होते निवृत्त वजनमापे निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, हे त्यांचं काम. तराजू तपासणाऱ्याने दुकानदाराकडून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता, आणि नोकरी संपली तरी तो संपला नव्हता. ते कुणाकडून काही घेतच नसत. आपल्या खोलीच्या जिन्यावरून पडले, कमरेचं हाड मोडलं, तरी हाक मारायला त्यांना संकोच वाटला. दूधवाला आला तेव्हा कळलं. मुलगी रडत रडत जाऊन त्यांना घेऊन आली. सोबत एक ट्रंक आणि ही सायकल.

मुलीच्या घरी फुकट राहायचं हे काही त्यांना रुचेना. म्हणून सकाळचा चहा झाला की ते एक दुरुस्ती करायचे. जेवण झालं की दुसरी. दारांच्या बिजागऱ्या गप्प झाल्या, नळ गळायचे थांबले, वर्षानुवर्षं उलटा फिरणारा गॅसचा खटका सुलट फिरू लागला आणि जावईबापूंच्या बायकोचा हात त्यामुळे दोनदा भाजला. मग हळूहळू घरात बिघडलेलं काही उरेना. एकदा जावईबापूंनी त्यांना नुकतंच दुरुस्त केलेलं इस्त्रीचं बटण पुन्हा सैल करताना पाहिलं. आणि मग त्यांचं जेवण कमी झालं. "भूक नाही गं," म्हणायचे, आणि आपल्या जुन्या खोलीचं भाडं अजून चालू आहे, तिथे परत जावं म्हणतो, असा विषय काढायचे.

त्या जिन्यावर, त्या खोलीत, एकट्याने. बायकोची झोप उडाली होती. आणि जावईबापूंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांचीही उडाली होती. ते लहान असतानाच त्यांचे वडील गेले. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आतून काठी टेकल्यासारखा पावलांचा आवाज येतो, कडी निघते आणि कुणीतरी म्हातारा माणूस "आलात का?" म्हणून विचारतो, हे सुख त्यांना या वयात पहिल्यांदाच मिळालं होतं. ते जाऊ नये म्हणून काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं, कारण या गोष्टीसाठी कुठे अर्ज करायची सोय नव्हती.

तर सायकल. ती लांबच्या प्रवासाची आहे हे कुणीही सांगितलं असतं. पुढे-मागे सामान बांधायच्या जाळ्या, चाकांवर रुंद मडगार्ड, बाटल्या अडकवायच्या कड्या, आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. पण नाव कुठेच नाही. समोरच्या नळीवर कंपनीचं बोधचिन्ह असतं तिथे नुसती दोन भोकं. सगळ्यावर हिरव्या रंगाचा जाड थर. सासरे आता ती चालवू शकत नव्हते. मात्र काठी घ्यायला त्यांनी नकार दिला होता (काठी जावईबापूंनी आणली होती, म्हणजे ती घेणं आलं), आणि रोज सकाळी ते सायकलच्या सीटवर हात ठेवून तिला चालवत इमारतीभोवती फेऱ्या मारायचे. दोघांनाही थोडं लंगडायची सवय होती.

जावईबापूंनी वर येऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुमची सायकल कुठल्या कंपनीची?"

"माझी."

"हो, पण कंपनी?"

"माझी म्हटलं ना!" सासऱ्यांचा चेहरा एकदम पडला. तराजूत खोट सापडलेल्या दुकानदाराचा पडत असेल तसा. "का? काय झालं?"

जावईबापूंनी काय झालं ते सांगितलं. सासरे ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "बरं. मग भंगारवाला येईल त्या दिवशी मी आणि ती बरोबरच निघू. तसंही इथे आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात झारा होता. "अहो, हा नियम कुणी काढला?"

जावईबापूंनी छताकडे पाहिलं.

"काहीतरी नाव लिहून टाका. कोण बघायला येतंय!"

"खोटं?" जावईबापू हबकले. "रकान्यात?"

दुसऱ्या दिवशी ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी सज्जन माणूस. त्यांनी चहा दिला, सहानुभूती दाखवली आणि बाहेर येऊन लिफ्टमधल्या फलकाकडे बोट केलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'ज्या मालकाला आपल्या वाहनाची कंपनी माहीत नाही, तो मालक कसला?' खाली जावईबापूंचं नाव. "मला इतकं आवडलं तुमचं वाक्य," सेक्रेटरी म्हणाले, "की मी ते लावूनच टाकलं. आता मीच कसा मोडू? पुढच्या सभेपर्यंत शोधा ना कंपनी. त्यात काय एवढं?"

त्यात किती होतं ते लवकरच कळलं.

पहिली मदत धावून आली ती वरच्या मजल्यावरच्या परदेशवाल्या काकांची. हे काका मुलीकडे परदेशात काही आठवडे राहून आले होते आणि तेव्हापासून इथल्या कुठल्याही गोष्टीकडे बघून मान हलवत. त्यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, हँडलवर हात फिरवला आणि डोळे मिटले. "फ्रेंच," ते म्हणाले. "शंभर टक्के फ्रेंच. हे वळण बघा. असं वळण आपल्याकडच्या माणसाला सुचूच शकत नाही." जावईबापूंना हायसं वाटलं. पण काकांना कंपनी माहीत नव्हती, फक्त वळण माहीत होतं.

दुसरी मदत शेजारच्या दारातून आली. तिथे दातांचे डॉक्टर राहत. ते दवाखान्यातली हत्यारांची पेटी आणि कपाळावरचा दिवा घेऊनच खाली उतरले. नाव रंगाखाली दडलेलं असणार, हा त्यांचा सिद्धांत होता. "हिरड्या सुजल्या की दात दिसत नाही, तसंच हे," म्हणत ते सायकलपुढे उकिडवे बसले आणि टोकदार आकडीने रंग खरवडू लागले. हिरव्याखाली काळा निघाला, काळ्याखाली निळा, निळ्याखाली विटकरी. "थोडं दुखेल," असं ते मधूनच सवयीने म्हणत होते. नाव निघालं नाही. आकडे निघाले. जावईबापूंनी ते आनंदाने टिपून घेतले आणि दोन संध्याकाळी त्यांच्यामागे घालवल्यावर कळलं, की तो कुठल्यातरी सायकल स्टँडवरचा टोकन नंबर होता. कुणीतरी तो रंगाने लिहून ठेवला होता. आता सायकलला कंपनी तर नव्हतीच, वर अंगावर चट्टेही उठले होते. सासरे सकाळी फेरी मारायला खाली गेले, त्यांनी चट्ट्यांवरून बोट फिरवलं, आणि काही न बोलता फेरी मारून आले. ते ओरडले असते तर जावईबापूंना बरं वाटलं असतं.

मग जावईबापूंनी फोनवर जुन्या सायकलींच्या अभ्यासकांचा एक गट शोधून काढला. या जगात जुन्या सायकलींचे एवढे अभ्यासक आहेत याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी नम्रपणे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'कृपया कंपनीचे नाव कळवावे, सोबत रकाना जोडला आहे.' अर्ध्या तासात रणकंदन माजलं. मागच्या चाकाच्या मधोमधचा तुंबा पाहून एकाने सायकल इंग्लिश ठरवली. सीट पाहून दुसऱ्याने इटालियन म्हटलं. तिसऱ्याने साखळीचं चक्र पाहून पहिल्या दोघांची अक्कल काढली. चौथा जावईबापूंवरच घसरला: हे फोटो वेगवेगळ्या सायकलींचे आहेत, हा माणूस अभ्यासकांची थट्टा करायला आला आहे. शेवटी गटाच्या प्रमुखाने निकाल दिला, 'ही सायकल नाही, ही अफवा आहे,' आणि जावईबापूंना गटातून काढून टाकलं.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना खिडकीवरून परत पाठवलं, त्याला स्वतःला परत पाठवलं गेल्यावर काय वाटतं, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. ते रात्री जेवताना एकदम म्हणाले, "माहीत नसतं गं लोकांना. खरंच माहीत नसतं." बायकोला वाटलं, यांना ताप आला.

मात्र त्या गटातल्या एका सभ्य सदस्याला त्यांची दया आली. तो जुन्या सायकलींचा संग्राहक होता आणि योगायोगाने याच शहरात राहत होता. सभेच्या आदल्या दुपारी तो घरी आला. हातांत पांढरे हातमोजे, काखेत मोजमापाच्या पट्ट्यांची गुंडाळी. सासरे तेव्हा मुलीबरोबर कमरेच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेले होते. संग्राहकाच्या सूचनेवरून सायकल लिफ्टमधून उभी करून वर आणली आणि दिवाणखान्यात जुन्या चादरीवर ठेवली. परदेशवाले काका आणि दातांचे डॉक्टर पाहुण्यांसारखे सोफ्यावर येऊन बसले.

"बाहेरून बघून काही कळत नसतं," संग्राहक म्हणाला. "नटबोल्टांचे आटे बघावे लागतात. प्रत्येक देशाच्या आट्यांची घनता वेगळी. नट फिरवला की देश कळला."

त्याने एक नट फिरवला. मग दुसरा. चाकं निघाली, हँडल निघालं, सीट निघाली. मधल्या नळीतला दांडा निघाला तेव्हा त्यातून पोलादी गोळ्या चादरीवर सांडल्या आणि दाही दिशांना पळाल्या. काही सोफ्याखाली गेल्या, एक परदेशवाल्या काकांच्या चपलेत. संग्राहक मात्र तंद्रीत होता. तो आटे मोजत होता, पट्टी लावत होता, पुन्हा मोजत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू त्याच्या मोज्यांसारखा होत चालला होता.

"हे शक्य नाही," तो पुटपुटला. "पुढचे एका देशाचे. मागचे दुसऱ्याचे. आणि मधले..." त्याने मधल्या नळीत डोळा घातला, "मधले कुठलेच नाहीत. मधले कुणीतरी हाताने पाडलेत." तो उठून उभा राहिला. "मला हे माझ्या गुरूंना दाखवावं लागेल," म्हणाला, आणि डावं पेडल मोजे घातलेल्या हातांत बाळासारखं धरून निघून गेला. थोड्या वेळाने जावईबापूंनी फोन लावला तर तो बंद होता. त्या पेडलचं पुढे काय झालं हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

जावईबापू गुडघ्यांवर आले आणि गोळ्या गोळा करू लागले. त्यांचं डोकं सोफ्याखाली होतं, तेव्हा दार उघडलं. दातांच्या डॉक्टरांना एकाएकी पेशंट आठवला. परदेशवाले काका चपलेतली गोळी तशीच घेऊन लंगडत निघून गेले.

सासरे उंबऱ्यात उभे होते. त्यांच्यामागे त्यांची मुलगी, तोंडावर हात ठेवून. चादरीवर त्यांचं अख्खं तारुण्य सुटं होऊन पडलं होतं.

"बाबा," जावईबापू सोफ्याखालून बाहेर येत म्हणाले. त्यांच्या केसांना जळमटं लागली होती. "मला माफ करा. मी सगळं बरोबर करीन. मला फक्त कंपनी शोधायची होती. तुम्ही जाऊ नये म्हणून."

हे शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. ते आपोआप निघून गेलं.

सासऱ्यांनी चादरीकडे पाहिलं. मग भिंतीला धरून, दातांवर दात दाबून, ते सावकाश खाली बसले. हाडांच्या डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली होती. मुलगी पुढे झाली तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. त्यांनी मागचं चाक ओढून मांडीवर घेतलं.

"हे सरकारी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"सरकारी मालमत्ता. एका पोस्टमनच्या सायकलचं." सासऱ्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "नोकरी लागायच्या आधी मी सायकलवर फिरायला निघालो होतो. वर्षभर. खिशात काही नाही, अंगात मस्ती. एका ओसाड रस्त्यावर माझं मागचं चाक वाकडंतिकडं झालं. हा पोस्टमन आला. त्याने आपलं चाक काढलं, माझ्या सायकलला लावलं, आणि माझं वाकडं चाक खांद्यावर टाकून, आपली सायकल मागून उचलून ढकलत चालत निघाला. मी म्हटलं, अहो, तुम्ही ऑफिसात काय सांगाल? तर म्हणाला, सांगेन खड्ड्यात पडलो. मी निरीक्षक झालो जावईबापू, लोकांना पावशेराच्या खोटीसाठी दंड केला, आणि सगळा जन्म सरकारी चाकावर बसून हिंडलो!"

जावईबापूंना हसावं की रडावं ते कळेना. बायको मात्र हसू दाबत खाली बसली. "आणि हे हँडल, बाबा? काका म्हणतात फ्रेंच आहे."

सासरे घुटमळले. "ते सर्कशीतलं आहे. सायकलवर कसरत करायची ती बाई. तिने दिलं. माझं मोडलं होतं." मग घाईघाईने, "तुझ्या आईला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तसं त्यात काही नव्हतं."

"आईला माहीत होतं," मुलगी म्हणाली. "ती म्हणायची, यांच्या सायकलचं हँडल जरा नखरेल आहे."

यावर सासरे एवढे हसले की त्यांच्या कमरेत कळ आली. मग त्यांनी सांगाडा जवळ ओढला. त्या चट्ट्यांवर, निळ्यावर, विटकरीवर त्यांनी तळवा ठेवला, आणि त्यांचं हसू थांबलं.

"हा घाटात मिळाला. माझा जुना सांगाडा उतारावर दुभंगला. मी पण फुटलो होतो थोडा. एका घरी नेलं मला. तिथे भिंतीवर ही सायकल टांगलेली होती. घरातल्या बाईचा नवरा गेला होता, त्याची. मी निघताना तिने ती खाली काढली. म्हणाली, इथे टांगून मी नुसती बघत बसते. तुम्ही न्या, चालती राहू दे. चाकं नव्हती तिला. माझी चाकं लावली. मधले आटे जुळेनात, तर गावातल्या लोहाराने संध्याकाळभर बसून हाताने पाडले."

सासऱ्यांचा तळवा अजून सांगाड्यावरच होता.

"मी त्यातल्या कुणाचं नावही विचारलं नाही. पोरसवदा होतो, भूक लागलेली असायची, दिलं की घ्यायचं, एवढंच कळत होतं. घरी परतल्यावर उमगलं की हे सगळं परत कुठे करायचं, ते मला माहीतच नाही. एवढं घेऊन बसलोय म्हटल्यावर आणखी कुणाकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं. कंपनी विचारलीत तेव्हा काय सांगणार होतो मी?"

जावईबापू गोळ्यांनी भरलेली मूठ घेऊन बसले होते. त्यांना मनातलं बोलता येत नसे. ते कचेरीतल्या भाषेतच बोलत आले होते आणि आताही तीच तोंडात आली.

"बाबा, एक शंका आहे. त्या पोस्टमनने चाक देताना तुम्हाला एखादं दार दुरुस्त करायला सांगितलं होतं का?"

"नाही."

"त्या बाईने? लोहाराने?"

"नाही."

"मग आमच्याकडेच का करता?" जावईबापू म्हणाले. "आम्ही काय त्यांच्यापेक्षा परके आहोत? तुम्ही संध्याकाळी दार उघडता ना माझ्यासाठी. मला पुष्कळ आहे तेवढं. मला आणखी काही नको."

सासरे चाकाचे आरे चाचपत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही. मग ते म्हणाले, "गोळ्या द्या इकडे. ग्रीस आहे का घरात?"

ग्रीस नव्हतं. बायकोने पायांच्या भेगांना लावायचं मलम आणलं. तिघंही त्या चादरीभोवती बसले. सासरे सांगत गेले, जावईबापू फिरवत गेले आणि बायको सोफ्याखाली बॅटरी मारत राहिली. परदेशवाल्या काकांनी गोळी परत आणून दिली, हँडलची हकीकत ऐकली आणि जाता जाता, सर्कससुद्धा फ्रेंच असू शकते, एवढं सुचवून गेले. सगळं जुळलं आणि मग लक्षात आलं, की डावं पेडल गेलेलं आहे.

जावईबापू उठून आतल्या खोलीत गेले. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आणलेली त्यांची व्यायामाची सायकल होती. ती जागच्या जागी चालायची, आणि गेली काही वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत. त्यांनी टॉवेल बाजूला केले आणि पाना लावला. पेडल निघेना. त्यांनी सगळा जोर लावला, चेहरा लाल झाला.

"उलटं फिरवा, जावईबापू!" सासरे बाहेरून ओरडले. "डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तुम्ही घट्ट करताय!"

उलटं फिरवल्यावर ते आलं. राखाडी प्लॅस्टिकचं, वर पाय अडकवायचा पट्टा. त्यांनी ते सासऱ्यांपुढे धरलं. सासऱ्यांचा हात जरा वर आला आणि थांबला. सगळ्या घराचं लक्ष त्या हाताकडे होतं.

"बसेल का बघा," जावईबापू म्हणाले.

सासऱ्यांनी ते घेतलं. लावलं. चार बोटांनी फिरवलं. "बसलं," ते म्हणाले. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला, आणि कंबर जमिनीला खिळल्यासारखी झाली. पुन्हा एकदा त्यांनी भिंत चाचपली. शेवटी त्यांनी आपला हात वर केला.

"हात द्या हो जरा. मला उठता येत नाहीये."

जावईबापूंनी हात दिला. बायकोने दुसरीकडून धरलं.

सभेच्या दिवशी सेक्रेटरी संगणक उघडून बसले होते. एकेकाची नोंद होत होती. जावईबापूंची पाळी आली तेव्हा सगळे जरा सरसावून बसले. वाक्याचा कर्ता आता स्वतःच काय करतो ते बघायचं होतं. सासरे सायकलवर हात ठेवून तिला सभेतच घेऊन आले होते.

"कंपनी?" सेक्रेटरींनी विचारलं.

जावईबापू उभे राहिले. "मी मागे जे बोललो होतो," ते म्हणाले, "ते मागे घेतो. फलकही काढून टाका. काही गोष्टींची कंपनी माहीत नसते. असूही शकत नाही."

"ते ठीक आहे हो, पण संगणक ऐकत नाही ना! तुम्हीच तसं करून घेतलंत. काहीतरी लिहावंच लागेल."

सासऱ्यांनी घसा साफ केला. "लिहा," ते म्हणाले. "'जावई आणि मंडळी'."

सभेत हशा पिकला. दातांचे डॉक्टर तर उभं राहून हसले. सेक्रेटरींनी साशंक मनाने ती अक्षरं घातली. संगणकाने क्षणभर विचार केला आणि मुकाट्याने घेतली. जावईबापूंचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना जावई म्हणवून घेण्यात कमीपणा वाटला नाही.

"आणखी एक रकाना आहे," सेक्रेटरी म्हणाले. "स्टिकर दोन प्रकारचे आहेत. पिवळा पाहुण्यांच्या वाहनांना, तो काही दिवसांपुरता. आणि निळा इथे राहणाऱ्यांना. तुम्हाला कुठला देऊ आजोबा?"

हा रकाना जावईबापूंना माहीत नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती सासऱ्यांकडे बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सासरे सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

"निळा द्या," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी निळा स्टिकर काढून जावईबापूंच्या हातात दिला. जावईबापूंनी मान खाली घातली आणि त्याचा मागचा कागद सोलायला घेतला, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना त्याची कड काही केल्या सापडेना.